गाठीचं कूळ

ट्रेमध्ये आलेला तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा होता. करडा, जरा चकचकीत, चिमट्याने दाबला की जेलीसारखा दबणारा. असे तुकडे हाताळण्यात हेमांगी रसाळची अर्धी हयात गेली होती. पण आज डबीवरचं नाव वाचलं आणि तिचा हात थबकला. भालचंद्र उपळेकर. वय अडुसष्ट.

मिरजेतल्या त्या इस्पितळाचा पॅथॉलॉजी विभाग उपळेकर सरांनी उभा केला होता. हेमांगी त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी, आणि सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खुर्चीत बसलेली. दोन महिन्यांपूर्वी सरांना रस्त्यावर एकाच्या दोन रिक्षा दिसायला लागल्या. डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेना. स्कॅन केला तेव्हा कवटीच्या अगदी तळाशी, मेंदूच्या देठासमोर, मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिनीला खेटून बसलेली गाठ सापडली. आज तिची शस्त्रक्रिया चालू होती. भिंतीपलीकडे डॉ. इम्तियाज जमादार नाकावाटे दुर्बीण घालून तिच्यापर्यंत पोचला होता आणि पहिला तुकडा हेमांगीकडे पाठवून उत्तराची वाट बघत थांबला होता.

तिने तुकड्याचा अर्धा भाग यंत्रात दिला. उरलेला गोठवला, कापला, रंगवला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. निळसर, काचेसारखा पसारा, आणि त्यात छोट्या छोट्या खळग्यांतून शांत बसलेल्या एकेकट्या पेशी. कुठे गर्दी नाही, कुठे धुमाकूळ नाही. तिने काच पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली आणि मग इतक्या वेळाने पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

"इम्तियाज, कूर्चेची गाठ दिसतेय," तिने माइकवर सांगितलं. "काँड्रोसार्कोमा, पहिल्या पायरीचा. सावकाश वाढणारा."

"अल्लाची मेहेरबानी!" पलीकडून आवाज आला. "मग मी पूर्ण काढतो. वाहिनीला चिकटलीये, वेळ लागेल, पण काढतो. पंचांग काय म्हणतंय?"

"अजून वाचतंय."

पंचांग म्हणजे ते यंत्र. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला पंचांगच म्हणत. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. डोळ्याच्या पेशीत तोच, यकृताच्या पेशीतही तोच. तरी एक पेशी डोळा होते आणि दुसरी यकृत, कारण त्या अवाढव्य पोथीतली काही पानं प्रत्येक पेशी उघडी ठेवते आणि बाकीची मिटून टाकते. कुठलं पान मिटायचं त्यासाठी ती डीएनएच्या धाग्यावर मिथाइल नावाच्या रेणूच्या बारीक खुणा करते. पुढे पेशी बिघडली, गाठ झाली, रूप ओळखू येईनासं झालं, तरी या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत. यंत्र तो धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढतं, ओढताना विजेच्या प्रवाहात जे चढउतार होतात त्यावरून खुणा वाचतं, आणि जगभरातल्या लाखो गाठींच्या खुणांशी ताडून पाहतं.

सुरुवातीला ते गाठीचं फक्त नाव सांगे. गाठींचा साठा वाढत गेला तसे त्यांचे वर्ग बारीक होत गेले, आणि एकेका वर्गातल्या रुग्णांचं पुढे काय झालं तेही त्याला ठाऊक झालं. कोणती गाठ किरणांना दाद देईल, कोणती औषधाला, कोणती कशालाच देणार नाही, हे ते सांगू लागलं. हे यंत्र मिरजेत यावं म्हणून सरकारदरबारी खेटे घातले होते ते उपळेकर सरांनीच. "डोळ्याला दिसतं ते गाठीचं रूप," ते वर्गात सांगायचे, "याला कळतं ते कूळ. मला दोन्ही हवीत."

पडदा उजळला. हेमांगीने वाचलं, खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा वाचलं.

काँड्रोसार्कोमा नव्हताच. रूप त्याचं, पण खुणा कुठल्या तरी वेगळ्याच पेशीच्या. या वर्गाला अजून नावही नव्हतं, नुसता क्रमांक होता. जगभरात मिळून असे एकवीस रुग्ण. शस्त्रक्रियेने पूर्ण काढल्याचा फायदा नाही. किरणोपचाराचा फायदा नाही. औषध नाही. खाली एक रेघ होती, किती जण किती दिवस जगले ते सांगणारी. ती जिन्यासारखी पायरी पायरीने उतरत वर्षाच्या आतच तळाला टेकत होती.

"हेमांगी?" माइकमधून इम्तियाज म्हणाला. "वाहिनीपाशी आलोय. बोल ना."

वाहिनीला ओरखडा जरी पडला तरी सर टेबलावरून उठणार नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. चांगल्या गाठीसाठी तो धोका पत्करण्यात अर्थ होता.

"थांब," ती म्हणाली. "आहे तिथे थांब. बाहेर ये."



"किती वाईट?" त्याने विचारलं.

"तू बाहेर ये, इम्तियाज."

चौथ्या दिवशी सरांनी तिला खोलीवर बोलावलं. उशीला टेकून बसले होते. नाकात बोळे, डाव्या डोळ्यावर कापसाची पट्टी. शेजारी त्यांच्या पत्नी, शालनकाकू, मोसंबं सोलत होत्या.

"स्लाइड आणलीस?"

तिने आणली होती. नको म्हणणं तिला जमलंच नव्हतं. पलंगाच्या टेबलावर छोटा सूक्ष्मदर्शक मांडला गेला. सर उजवा डोळा लावून वाकले आणि त्यांचा हात सवयीने काच सरकवू लागला, सावकाश, एक कोपराही न सोडता. हेमांगी बघत उभी राहिली. पंचवीस वर्षांपूर्वी ती अशीच त्यांच्या खांद्यामागे उभी राहायची, आणि ते काय म्हणतात याची धास्ती घ्यायची.

"काँड्रोसार्कोमा," सर मान वर करून म्हणाले. "पहिल्या पायरीचा. काय सुरेख आहे बघ, पुस्तकात छापावा असा."

"म्हणजे चांगलं का?" शालनकाकूंनी विचारलं. काकूंनी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीत काढली होती. त्यांना नेमकं उत्तर लागायचं.

"अगं, चांगलं म्हणजे, व्हायचीच होती तर हीच व्हावी! उरलेल्यावर प्रोटॉनचे किरण घ्यायचे. लोक वीस-वीस वर्षं काढतात."

काकूंनी मोसंब्याची फोड हेमांगीच्या हातात ठेवली आणि पदराने डोळे टिपले. हेमांगी सरांच्या तोंडाकडे बघत होती. आता ते विचारतील, यंत्राने काय सांगितलं. आयुष्यभर त्यांनी एकही गाठ यंत्राला विचारल्याशिवाय सोडली नव्हती. पण सरांनी काच नीट पुसली, डबीत ठेवली, डबी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "दमलो. पडतो जरा."

त्यांनी विचारलं नाही. आणि विचारलं नाही म्हणजे ते काय मागत आहेत, हे तिला जिना उतरताना समजलं.

यंत्राचा निकाल तिच्या सहीशिवाय पुढे जात नसे. सही झाली की तो देशभरच्या आरोग्यजाळ्यात जाई आणि मग सगळं आपोआप घडे. प्रोटॉनचं केंद्र या भागात एकच होतं, पुण्याच्या पलीकडे. तिथली रांग गाठीच्या वर्गावरून लागत असे. ज्या वर्गाला किरणांचा फायदा त्याला तारीख, ज्याला नाही त्याला घरच्या शुश्रूषेचा क्रमांक. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. यंत्रं थोडी होती आणि माणसं पुष्कळ. हा नियम ठरवणाऱ्या समितीत उपळेकर सर स्वतः बसले होते.

हेमांगीने सही केली नाही. रोज सकाळी तो निकाल पडद्यावर उघडायची आणि तसाच बंद करायची.

नाकातले बोळे निघाल्यावर सर घरी आले. ती भेटायला गेली तेव्हा काकूंनी थालीपीठ लावलं होतं. तव्यावर तेल सोडता सोडता त्यांनी सहज विचारलं, "हेमा, त्या तुमच्या मशीनने काय सांगितलं गं? तेच ना, यांनी सांगितलं ते?"

"नमुना कमी पडला," सर बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "मशीनला पुरला नाही. होतं असं."

काकूंनी हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीने थालीपिठाकडे पाहिलं आणि मान हलवली.

नंतर सर तिला गच्चीवर घेऊन गेले. कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत चढले.

"नमुना कमी पडला नव्हता, सर."

"माहितीये मला. इम्तियाजने निम्मी गाठ ठेवली. तो असा अर्ध्यावर सोडणारा नाही. शुद्धीवर आलो तेव्हाच कळलं मला."

"मग मला स्लाइड कशाला..."

"बघायचं होतं, माझा डोळा काय म्हणतो ते." ते थोडे हसले. "आकडा सांगू नकोस. किती जण आहेत वर्गात, तेवढं सांग."

"एकवीस."

"एकवीस! एकवीस जणांवरून तू मला निकाल देणार? परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतंस तर मी तुला नापास केलं असतं. त्यातल्या किती जणांना प्रोटॉन मिळाले? पाच? सहा? कुठल्या मात्रेत? हे शास्त्र नव्हे, हेमांगी, ही नुसती कुजबुज आहे."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तीच तर अडचण होती. पण त्या एकवीस जणांपैकी एकानेही ती रेघ ओलांडली नव्हती, हेही खरं होतं.

"नमुना अपुरा असं लिही," सर म्हणाले. "मग डोळ्याचा रिपोर्ट ग्राह्य धरतात. ते कलम मीच घालून घेतलं होतं."

"सर, तुम्ही हे दुसऱ्या कुणाला करू दिलं असतंत?"

"नाही. हाकलून दिलं असतं." त्यांनी कठडा घट्ट धरला. "मी तुला हे शिकवलेलं नाही. तरी मागतोय. शालनला मी काय सांगू? घरी बसू आणि बघत राहू? तिला काहीतरी करायला हवं असतं गं. डबा भरायचा, गाडी बोलवायची, रांगेत बसायचं. तिला एवढं तरी मिळू दे."

ती नाही म्हणाली. दोनदा म्हणाली. सरांनी वाद घातला नाही, पट्टी नसलेला डोळा पुसला आणि जिन्याकडे वळले. एका डोळ्याने पहिली पायरी किती खोल ते त्यांना कळलं नसावं. पाय हवेत चाचपडत राहिला. हेमांगीने धावत जाऊन दंड धरला, आणि धरताक्षणी तिला कळून चुकलं की आपण ते करणार.

दुसऱ्या दिवशी तिने पडद्यावरच्या 'नमुना अपुरा' या शब्दांवर बोट ठेवून रिपोर्ट पाठवला. इम्तियाजला सांगायला गेली तर त्याने हात वर केला. "तू मला काही सांगितलं नाहीस. मी काही विचारलं नाही. माझेही ते सर आहेत."

तारीख लवकर मिळाली. केंद्रातले दोन डॉक्टर सरांचे विद्यार्थी निघाले. काकूंनी पुण्यात बहिणीकडे बिऱ्हाड मांडलं आणि रोज फोन करू लागल्या. आज पेज घेतली. आज डोकं कमी दुखलं. आज तिथल्या नर्सने विचारलं की तुम्हीच का ते उपळेकर. त्यांच्या आवाजात उभारी होती. "तू होतीस म्हणून सगळं वेळेवर झालं," त्या म्हणायच्या. हेमांगी "हो, काकू" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर उगाच हात धुवून यायची.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि सर आत आले. हातात प्रवासाची पिशवी, आवाज किंचित बसलेला.

"सर? तुमचे उपचार..."

"सोडून आलो."

त्यांनी स्टूल ओढलं. "तिथे हॉलमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसायची. औशाच्या शाळेत शिकवते, तिथे नातेवाइकांकडे उतरलेली. कॉर्डोमाची गाठ आहे तिला, माझ्यासारखीच कवटीच्या तळाशी. पण तिचा वर्ग किरणांना दाद देणारा. रोज यायची, तारीख मिळते का विचारायची आणि परत जायची. काल मला म्हणाली, माझी तारीख ठरली होती हो, कुणीतरी मोठे डॉक्टर आले आणि माझी पुढे गेली. तोवर तिचा एक डोळा गेलाय, हेमांगी. पूर्ण गेलाय."

हेमांगीने हातातली काच खाली ठेवली.

"आणि ती मला मोठ्या आदराने सांगत होती. मी डॉक्टर आहे ना, मला तिची बाजू कळेल म्हणून."

"तिला तारीख मिळाली?"

"आज सकाळी माझी जागा सोडली. तिला दिली त्यांनी. पण डोळा काही परत येत नाही." सरांनी खिशातून रुमाल काढला, पण चेहरा पुसलाच नाही, नुसता हातात धरला. "सही कर. खऱ्या निकालावर. आत्ता, माझ्यासमोर."

"चौकशी बसेल."

"मी लिहून देतो की मीच सांगितलं होतं."

"त्याने काही होणार नाही, सर."

"नाही," ते म्हणाले. "नाही होणार."

तिने निकाल उघडला आणि सही केली. एकविसाच्या जागी बावीस दिसू लागले. रेघ होती तशीच राहिली, केसभरही हलली नाही.

एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. आरोग्यजाळ्यात निकाल गेला की तो रुग्णाच्या जवळच्या माणसाच्या फोनवर सोप्या मराठीत आपोआप पोचत असे. कुणालाही कळावं, अडाणी माणसालाही कळावं, अशा भाषेत. शालनकाकू सरांच्या मागोमाग पुण्याहून एसटीने निघाल्या होत्या, नवऱ्याने मधूनच उपचार का सोडले ते त्यांना समजत नव्हतं. साताऱ्याच्या थांब्यावर फोन वाजला. 'आपल्या रुग्णाच्या गाठीवर कोणत्याही उपचाराचा फायदा अपेक्षित नाही. नमुना तपासल्याची तारीख...' ती तारीख शस्त्रक्रियेच्या दिवसाची होती.

त्या संध्याकाळी हेमांगी सरांच्या घरी गेली तेव्हा काकू दारात उभ्या राहिल्या.

"माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मान हलवलीस तू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत. मी नवस बोलले, हेमा. बहिणीच्या घरी पेढे वाटले."

दार लागलं.

चौकशी बसली. हेमांगीचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. ती कामावर जायची, काचा बघायची, तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान डॉक्टर सह्या करायचे. तिने कुणाला दोष दिला नाही. औशाच्या बाईचं नाव तिने शोधून काढलं, दोनदा फोन लावला आणि पलीकडून "हॅलो" आल्यावर दोन्ही वेळा ठेवून दिला. सांगण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं. सरांची खबर इम्तियाजकडून मिळायची. डोकं दुखतंय. डाव्या डोळ्याची पट्टी काढलीये, उजवाही आता नीट वळत नाही, सगळं दोन-दोन दिसतं. काकू कुणाशी बोलत नाहीत, सरांशीही कामापुरतंच.

मग एका सकाळी काकूंचाच फोन आला. "पाणी पिताना ठसका लागला यांना. थांबेचना. येतेस?"

ती पोचेपर्यंत ठसका शमला होता. सर आतल्या खोलीत डोळे मिटून पडले होते. काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर दूध तापत होतं.

"बस. एक विचारते, खरं सांगायचं."

"हो."

"पुढे काय काय होणार?"

हेमांगीने सांगितलं. वळसा न घेता, काकूंच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "आधी पातळ गिळता येणार नाही. पाणी दाट करून द्यावं लागेल, मग तेही जमणार नाही आणि नाकातून नळी घालावी लागेल. मग आवाज जाईल. आत्ता बसलाय तो आणखी बसेल, मग नुसती कुजबुज राहील, मग तीही नाही. पुढे झोप वाढत जाईल. शेवटी श्वास."

"दुखेल?"

"ते होऊ देणार नाही आम्ही. तेवढं हातात आहे."

"आणि तुमच्या हातात काय आहे दुसरं?"

"काही नाही, काकू."

काकूंनी मान डोलावली. ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलं आणि विचारलं, "आवाज कधी?"

"त्या बावीस जणांत पाहिलं तर..."

"त्या लोकांचं नको सांगूस मला. यांचं सांग."

"यांचं मला माहीत नाही. पंधरा दिवस असतील. कमीही असतील."

दूध वर आलं. काकूंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि आतल्या खोलीत गेल्या. हेमांगी दारापाशी उभी राहिली.

"उठा," काकू म्हणत होत्या. त्यांनी सरांच्या पाठीमागे हात घातला, दोन उश्या सरकवल्या, त्यांना टेकवून बसवलं आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. "बोला."

सरांनी डोळे उघडले. "काय बोलू?" आवाज घोगरा, कागद चुरगाळल्यासारखा.

"सगळं. ऑपरेशनपासून माझ्याशी जे जे बोलला नाहीत ते सगळं."

सरांची नजर चाचपडत दाराकडे, हेमांगीकडे गेली.

"तिच्याकडे काय बघताय? तिला सगळं ठाऊक आहे. मला सांगा."

सरांनी हात पुढे केला. तो काकूंच्या हाताच्या जरा बाजूला, चादरीवर पडला, कारण त्यांना तिथे दुसरा हात दिसत होता. काकूंनी तो उचलून आपल्या मांडीवर घेतला. हेमांगीने चपला पायात सरकवल्या. मागून सरांनी घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मग थांबत थांबत, एकेक शब्द जुळवत, त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"शुद्धीवर आलो ना, तेव्हा तू मोसंबं सोलत होतीस..."